नाव बादशहाचं, वसुली माझी!

अकोल्याहून शेगावला निघालं की बाळापूर लागतं. गुरुवारच्या गर्दीत अर्ध्या गाडीला पुढच्या दर्शनाची घाई असते, बाळापूरला उतरून किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगाची छत्री बघणारे थोडेच. जे बघतात तेही छत्रीपाशी दोन फोटो काढतात आणि परत फाट्यावर येतात. पण दोस्तहो, या बाळापूरजवळ ऑगस्ट १७२० मध्ये एक लढाई झाली होती आणि तिच्यामुळे दख्खनचा पुढचा सव्वादोनशे वर्षांचा मालक ठरला. भांडण धर्माचं नव्हतं, किल्ल्याचंही नव्हतं. दख्खनच्या महसुलाची किल्ली कोणाच्या कमरेला राहणार, एवढंच होतं.

स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये एक ओळ सगळ्यांनी पाठ केलेली असते : १७२४, निजाम-उल-मुल्कने हैदराबाद राज्याची स्थापना केली. वाचून वाटतं, एखाद्या दिवशी दरबार भरवून घोषणा केली असेल. तसं काहीही झालं नाही. या माणसाने आयुष्यात कधी ‘मी स्वतंत्र झालो’ असं म्हटलंच नाही. तो शेवटपर्यंत कागदोपत्री दिल्लीचा सुभेदारच राहिला. आजच्या भाषेत, बदली होऊ शकणारा अधिकारी.

आणि बदली झालीही होती. मीर कमरुद्दीन हे त्याचं मूळ नाव. १७१३ मध्ये तो दख्खनचा सुभेदार झाला आणि दोनच वर्षांत त्याला काढून तिथे सय्यद बंधूंपैकी हुसेन अली आला. दिल्लीत तेव्हा या सय्यदांची चलती होती, बादशहा बसवायचे आणि उठवायचेही. हुसेन अलीने दख्खन शांत ठेवण्यासाठी मराठ्यांशी करार केला आणि १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून सनदा आणल्या : दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई म्हणजे पंचवीस टक्के आणि सरदेशमुखीचे दहा टक्के. वऱ्हाड हा त्या सहांतला एक. म्हणजे शंभर रुपये महसुलातले पस्तीस साताऱ्याला. जो कोणी पुढे दख्खनचा सुभेदार होणार, त्याच्या तिजोरीला हे भोक आधीच पडलेलं.

१७२० मध्ये निजाम माळव्याचा सुभेदार होता. दिल्लीतून पुन्हा हलवाहलवीचे संकेत मिळाले आणि त्याने थेट नर्मदा ओलांडली. असीरगड घेतला, बऱ्हाणपूर घेतलं, पाठलागावर आलेल्या दिलावर अलीला जूनमध्ये हरवलं. मग समोर आला आलम अली, हुसेन अलीचा पुतण्या आणि दख्खनमधला त्याचा नायब. वय जेमतेम विशीचं. म्हणजे तुमच्या-आमच्या वयाचा पोरगा, आणि समोर पन्नाशीला टेकलेला, औरंगजेबाच्या हाताखाली तयार झालेला मुरब्बी! करारामुळे मराठी फौज आलम अलीच्या बाजूने होती. दिवस पावसाळ्याचे. पूर्णेला पूर. ज्यांनी पूर्णाकाठची काळी माती पावसात तुडवली आहे त्यांना सांगायला नको की तोफा ओढताना काय हाल झाले असतील. निजामाने उतार शोधून नदी ओलांडली आणि बाळापूरजवळ गाठ पडली. आलम अली हत्तीवरून लढता लढता मारला गेला. दोन महिन्यांत हुसेन अलीचाही खून झाला आणि सय्यदांचा खेळ आटोपला.

निजामाला दिल्लीने वजिरी दिली. पण तिथे दरबार पोकळ झालेला आणि तिजोरी त्याहून पोकळ. तो कंटाळून दख्खनला परत निघाला. बादशहाने मग हैदराबादच्या मुबारिझ खानाला आतून सांगितलं की दख्खन तुझं, याला आवर. ही दुसरी लढाईही आपल्याच भागात झाली, ऑक्टोबर १७२४ मध्ये शकरखेर्ड्याला. म्हणजे आजचं साखरखेर्डा, बुलडाणा जिल्हा, तालुका सिंदखेड राजा. मुबारिझ खान पडला. त्याचं मस्तक निजामाने ‘बंडखोराचं’ म्हणून बादशहाकडेच पाठवलं, असं सांगतात. बादशहा काय बोलणार! पुढच्याच वर्षी त्याने दख्खनची सुभेदारी कायम केली आणि वर ‘आसफजाह’ ही पदवी दिली.

स्वातंत्र्य म्हणजे काय, तर एवढंच. जुम्म्याच्या खुतब्यात नाव बादशहाचं. नाण्यावरही त्याचंच, थेट १८५७ पर्यंत. फक्त वसुली, जहागिरी आणि नेमणुका सगळं दख्खनमध्येच ठरायला लागलं. त्याच काळात बंगालमध्ये मुर्शिद कुली खानही असाच बलदंड झाला होता, पण तो दिल्लीला रक्कम नियमित पाठवायचा. निजामाला ती सवय लागली नाही.

राहिले ते पस्तीस टक्के. इथे निजामाचं डोकं बघा. त्याने ‘देत नाही’ असं म्हटलं नाही. शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यात खरा छत्रपती कोण हे आधी ठरू द्या, मग चौथाई कोणाला द्यायची ते बघू, असा पवित्रा घेतला. पैसे अडवायचे आणि कारण नियमाचं द्यायचं, ही युक्ती काही आजच्या ऑफिसांचा शोध नाही! फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने त्याला पाण्यावाचून कोंडलं, तेव्हा मुंगी-शेवगावच्या तहात शाहूंचा हक्क मान्य झाला.

वऱ्हाडात याचा अर्थ काय, तर दुअंमल. एकाच गावावर दोन सत्तांचा अंमल. निजामाचे अंमलदार वेगळे, नागपूरकर भोसल्यांचे वेगळे. पाटलाच्या दारात एक घोडा बांधलेला असताना दुसरा यायचा. सातारा-हैदराबादच्या तहांत टक्के बरोबर लिहिले होते, पण ज्वारीचं कणीस खुडणाऱ्याला कोणती पावती खरी हे कोणी सांगितलं नाही. इतिहासाच्या पुस्तकात लढायांना पानं मिळतात आणि दुअंमलाला एक ओळ. मला तर उलटं हवं होतं. लढाई एक दिवस चालली, दुअंमल पाऊणशे वर्षं.

तो संपला १८०३ मध्ये. नोव्हेंबरात तेल्हाऱ्याजवळ अडगावला आणि डिसेंबरात चिखलदऱ्याजवळ गाविलगडावर इंग्रजांनी भोसल्यांना हरवलं आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या अलीकडचा हक्क भोसल्यांनी सोडला. वऱ्हाड एकट्या निजामाचा झाला, पण पन्नासच वर्षं. इंग्रजांच्या देखरेखीखालच्या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये निजामाला हाच वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. खर्च वजा जाता उरलेला पैसा निजामाला द्यायचा ठरलं होतं, पण १८६० च्या तहात वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब दाखवण्याचं बंधनच निघालं. उरलं किती, हे कंपनीच्या जागी आलेलं सरकार सांगेल तेवढं! १९०२ मध्ये कर्झनने कायमचा भाडेपट्टा करून घेतला. वर्षाला पंचवीस लाख रुपये, कापूस कितीही पिको.

१९३६ मध्ये इंग्रजांनी निजामाच्या मोठ्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब दिला. अमरावती-अकोल्याचा कारभार मात्र तेव्हाही नागपूरहूनच चालत होता.