खांबाला लोकरीची झूल

नांदेडहून निघालेली गाडी अर्धापूर मागे टाकून वारंगा फाट्याला येते. येथे वाट दुभंगते. एक रस्ता कळमनुरीवरून हिंगोलीकडे जातो, तर दुसरा हदगाववरून यवतमाळ-नागपूरकडे वळतो. अशा फाट्यावरील खांबाकडे कोण लक्ष देतो? तो सर्वांचा असतो. म्हणूनच जणू कोणाचाच नसतो. पण मुलांनो, एके सकाळी त्या खांबाने तांबड्या-पिवळ्या लोकरीचा अंगरखा घातलेला दिसला तर? घाईत असलेला उतारूही क्षणभर थबकेल आणि हसेल.

असा खेळ परदेशांतील अनेक शहरांत खरोखरच चालतो. त्याला 'यार्न बॉम्बिंग' म्हणतात. 'यार्न' म्हणजे सूत किंवा लोकर. नावात बॉम्ब असला, तरी त्यात स्फोट नाही. आहे ती केवळ गंमत. २००५ साली अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी मॅग्डा सायेग या बाईंनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेले वेष्टन चढविले. येणारेजाणारे ते कौतुकाने पाहू लागले. तेव्हा त्यांनी रस्त्यावरील पाटीचा खांबही सजविला. पुढे ही कला देशोदेशी पसरली.

या कलेची रीत सोपी आहे. प्रथम खांबाचा घेर मोजतात. त्या मापाची पट्टी घरी बसून विणतात आणि ती खांबाभोवती गुंडाळून तिच्या कडा शिवतात. खिळा नको, रंग नको. टाके कापले, की खांब पूर्ववत होतो.

आपल्याला ही कल्पना अगदीच परकी नाही. पोळ्याला आपण बैलावर झूल घालतो, त्याच्या शिंगांना गोंडे बांधतो. वटपौर्णिमेस स्त्रिया वडाला सूत गुंडाळतात. तेथे कृतज्ञता किंवा श्रद्धा असते. येथे खेळकरपणा असतो, एवढाच भेद.

मात्र या खेळालाही मर्यादा आहे. वारंगा फाट्यावरची पाटीच लोकरीने झाकली, तर हिंगोलीचा प्रवासी हदगावच्या वाटेला लागेल! झाडाचा बुंधा वाढत असतो. घट्ट वेष्टन फार दिवस राहिले, तर ते त्याला काचते. शिवाय बाजारातील पुष्कळशी लोकर मेंढीची नसून कृत्रिम धाग्याची असते. ती लवकर कुजत नाही. तिच्या चिंध्या रस्त्यावर पडून राहतात. म्हणून आधी परवानगी घ्यावी, वेष्टन सैल ठेवावे आणि ते मळण्यापूर्वी स्वतः उतरवावे.

सार्वजनिक जागा सर्वांची असते. तिला सजविण्याचा आनंद जो घेतो, त्यानेच ती पुन्हा स्वच्छ करून ठेवावी, हे उचित होय.