एका दिवसाची आगगाडीची सहल



आमच्या बिद्रीला रेल्वे नाही. साखर कारखान्याची चिमणी लांबून दिसते, हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, मुदाळ तिट्ट्याकडे जाणाऱ्या एस. टी.ची वर्दळ असते. पण रुळांचा खडखडाट ऐकायचा तर कोल्हापूर गाठावे लागते. त्यामुळे आमच्याकडच्या पुष्कळांना आगगाडीत पाऊल टाकायचा प्रसंग येतो तो अडचणीच्या वेळीच. घरात कुणी आजारी पडलं, मिरजेला दाखवायचं ठरलं. मुलीला पुण्याला परीक्षेचं बोलावणं आलं. डोक्यात काळजी, हातात पिशव्या, आणि समोर भिंतीवर आकड्यांनी भरलेले ते वेळापत्रक! अशा वेळी शहाणा माणूससुद्धा गोंधळतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला विचारतो, "दादा, ही गाडी कुठं जाती हो?"

म्हणून मला आज गुरुजींना, बाईंना आणि घरच्या वडीलधाऱ्यांनाही एवढेच सांगायचे आहे, की आगगाडीचा प्रवास शिकायचा तो सुखाच्या दिवशी शिकावा. एका दिवसाची सहल काढावी, तिचा बेत मुलांच्या हातून करून घ्यावा. पोहणे जसे पूर येण्याआधी शिकायचे, तसेच हे.

आपल्याला सोयीची गोष्ट अशी, की कोल्हापूर हे रेल्वेचे शेवटचे टोक आहे. कोल्हापूर-मिरज मार्गाची पायाभरणी १८८८ साली झाली आणि १८९१ साली त्यावरून गाडी धावू लागली. तेव्हाचे रूळ अरुंद होते. १९७१ साली हा मार्ग रुंद झाला. आज स्टेशनाला श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असे नाव आहे. टोकाचे स्टेशन म्हणजे गाडी इथूनच सुटते, ती फलाटावर आधी येऊन उभी असते, आणि पोरांना न घाबरता चढता येते. पहिल्या धड्याला याहून चांगली जागा नाही.

आता बेत कसा करायचा? बहुतेक लोक सकाळपासून सुरुवात करतात. किती वाजता निघायचं, डबा काय घ्यायचा, कुठं कुठं जायचं. संध्याकाळचा विचार संध्याकाळी! माझे म्हणणे उलट आहे. बेत संध्याकाळपासून सुरू करावा आणि सकाळकडे मागे मागे यावे. का, ते हिशेबाने पाहू. यातल्या वेळा उदाहरणादाखल धरल्या आहेत. खऱ्या वेळा त्या त्या हंगामाच्या वेळापत्रकातून घ्याव्यात.

समजा, गावाकडची तुम्हाला चालणारी शेवटची एस. टी. मध्यवर्ती बसस्थानकावरून रात्री आठ वाजता आहे. रेल्वे स्टेशनापासून बसस्थानक तसे जवळ, पण चाळीस मुलांची रांग करून, मोजून न्यायला अर्धा तास धरा. म्हणजे साडेसातला आपण कोल्हापूरच्या फलाटावर उतरलेले असलो पाहिजे. पण साडेसातला पोहोचणारी गाडी धरू नये, साडेसहाला पोहोचणारी धरावी. मधला तास कशाला? तर कोल्हापूर ते मिरज हा मार्ग एकेरी आहे. समोरून गाडी येत असली, की आपली गाडी अलीकडच्या स्टेशनात उभी राहते आणि ती येऊन गेल्यावरच सुटते. एका गाडीला उशीर झाला, की तो दुसरीलाही लागतो. हा तास म्हणजे आपली शिल्लक. खर्च झाली नाही तर फलाटावर पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटा, बिघडत नाही.

साडेसहाला कोल्हापुरात येणारी गाडी मिरजेहून सव्वापाचच्या सुमारास निघेल, कारण हे अंतर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलोमीटरचे आहे. म्हणजे साडेचारला आपण मिरज स्टेशनात. आता सकाळ. सहाला बिद्री सोडली, आठची गाडी मिळाली, तर सव्वानऊला मिरज. सव्वानऊ ते साडेचार, सव्वासात तास. त्यातून जेवणाचा एक तास आणि जाण्यायेण्याचा एक तास काढा. हातात राहिले पाच तास. हा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. सहल पाच तासांची आहे, बाकी सगळा प्रवास आहे. आणि उसाचा हंगाम असेल, तर कोल्हापूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांमागे जाणारा अर्धा तास आणखी धरावा, बरं का!

हे पाच तास एकाच गावाला द्यावेत. इथे मी स्वतः चुकलो आहे, म्हणून सांगतो. एका वर्षी मी मिरज, सांगली आणि किर्लोस्करवाडी असा तीन ठिकाणांचा बेत केला होता. मुलांनी तिन्ही स्टेशने पाहिली, गाव एकही पाहिले नाही. दिवसभर पळापळ, परतीची गाडी हुकली, रात्री उशिरा टेम्पो करून गाव गाठले. पालक तिट्ट्यावर येऊन थांबले होते. कुणी मला बोलले नाही, पण त्यांच्या चेहऱ्यांकडे बघवत नव्हते. दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला सांगितला, तर एका मुलाने एकच ओळ लिहिली होती, की आम्ही फार पळालो. एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात ते याला!

परदेशातही ही गोष्ट जाणतात. स्पेन देशाची राजधानी माद्रिद. तिथून टोलेडो हे जुने गाव सुमारे पंचाहत्तर किलोमीटर. वेगवान गाडी अर्ध्या तासाच्या आसपास तिथे पोहोचवते. माद्रिदला उतरलेले प्रवासी सकाळी जातात, टोलेडोच्या अरुंद गल्ल्यांतून दिवसभर पायी हिंडतात आणि संध्याकाळी परततात. त्याच शहरातून आरांहुएथ या गावी १८५१ साली रेल्वे गेली. तिथल्या स्ट्रॉबेरी प्रसिद्ध, म्हणून त्या मार्गावर हौशी प्रवाशांसाठी जुनी गाडी चालवतात, तिचे नावच स्ट्रॉबेरीची गाडी! एक दिवस, एक गाव. आपल्याकडे मिरजेचा दिवस असाच करता येईल.

आणि सहल मिरजेत पोहोचल्यावर सुरू होते असेही नाही. ती खिडकीपासून सुरू होते. स्टेशनांची नावे आधी पाठ करून घ्या, म्हणजे पोरे वाट बघत बसतात. कोल्हापूर सोडले, की गूळ मार्केट. उसाच्या मुलखातल्या मुलांना हे नाव समजावून सांगावे लागत नाही. मग वळिवडे. इथे गाडी थांबली, की मुलांना सांगा: दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधल्या लाखो माणसांना घरातून उचलून सैबेरियाकडे पाठवले होते. तिथून सुटलेल्यांपैकी सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बायका आणि मुले फार, याच वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत छावणीत राहिली. इथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. पुढे फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबे याच जागी आली, आणि आज आपण जिथे कापड घ्यायला जातो ते गांधीनगर उभे राहिले. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सामध्ये, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. आपल्या मुलांनी भूगोलात पोलंड नकाशावर पाहिला असेल. तो पहिल्याच काही मिनिटांत खिडकीबाहेर भेटतो.

पुढे पंचगंगेचा पूल आणि रुकडी. मग हातकणंगले; बाहुबलीला आणि इचलकरंजीला जाणारे इथे उतरतात. निमशिरगाव-तमदलगे. नंतर जयसिंगपूर. हे गाव राजर्षी शाहू महाराजांनी आपले वडील जयसिंगराव यांच्या नावाने वसवले. गल्ल्या सरळ, आखीव आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या. मग कृष्णेचा पूल, आणि मिरज. २०१९ च्या महापुरात याच नद्यांनी ही वाहतूक बंद पाडली होती. पुलावरून जाताना पाणी किती खाली आहे ते मुलांना बघू द्या, म्हणजे पूर म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळेल.

मिरज जंक्शन म्हणजे जिथे वाटा फुटतात ते स्टेशन. एक वाट पुण्याला, एक बेळगावकडे, एक पंढरपूरकडे, एक आपल्या कोल्हापूरला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते, तेव्हा इथूनच पाण्याने भरलेल्या वाघिणींची गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटर लांब लातूरला गेली. स्टेशनावर उभे राहून ही गोष्ट सांगितली, तर नळ चालू ठेवून जाणारा पोरगासुद्धा विचारात पडतो.

गावात सतार आणि तंबोरे करणाऱ्यांच्या पेढ्या आहेत. ही कला इथे दीडशे वर्षांहून जुनी. तंबोऱ्याचा तो गोल भाग म्हणजे वाळवलेला कडू भोपळा, तो पंढरपूर भागातल्या शेतांतून येतो. शेतकऱ्याच्या मुलाने हे जरूर पाहावे: जो भोपळा खाता येत नाही, तो निगुतीने वाढवला, वाळवला, तर त्यातून सूर निघतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जवळच मीरासाहेबांचा दर्गा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले, ते इथेच चिरविश्रांती घेत आहेत. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ नामवंत गवई येऊन गातात. आणि डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेले रुग्णालय बाहेरून दाखवा. मिरज दवाखान्यांचे गाव का झाले, त्याची सुरुवात तिथे आहे. कारागिरांकडे जायचे, तर आठ दिवस आधी विचारून ठेवावे. कामाच्या जागी चाळीस पोरे अचानक उभी करणे बरे नव्हे.

मिरजेची सहल जमली, की पुढच्या वर्षी मोठ्या मुलांना पुण्याच्या वाटेवर किर्लोस्करवाडीला न्यावे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर कारखाना काढला. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे त्या काळी लोक म्हणत. तोच नांगर पुढे घरोघरी गेला. त्याच मार्गावर पुढे शेणोली. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने तिथे रेल्वेची पगाराची गाडी अडवली होती. मात्र हा पल्ला लांबचा, हातातले तास कमी. हिशेब पुन्हा मांडूनच निघावे.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. रेल्वेचे घड्याळ चोवीस तासांचे. १६.३० म्हणजे साडेचार, बारा वजा करायचे. मध्यरात्रीनंतर तारीख बदलते. पाच तारखेची ००.१५ ची गाडी पकडायची तर चार तारखेच्या रात्रीच स्टेशनात हवे. परीक्षेला निघालेली पुष्कळ मुले इथेच फसतात.

दुसरी, तिकिटाची. जवळच्या प्रवासाचे अनारक्षित तिकीट काढल्यावर तीन तासांच्या आत, किंवा तिकडे जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यांत जे नंतर येईल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. म्हणून परतीचे तिकीट मिरजेत संध्याकाळीच काढावे, आणि त्यासाठी वेळ राखावा. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांच्या आतल्यांना अर्धे. शाळेच्या सहलीच्या सवलतीबद्दल मुख्याध्यापकांनी आधीच स्टेशनावर जाऊन विचारावे. गाडीची चौकशी १३९ या क्रमांकावर होते.

तिसरी, चढण्याउतरण्याची. वाटेतल्या स्टेशनांत गाडी मिनिट-दोन मिनिटेच थांबते. एका दारातून चाळीस मुले उतरत नाहीत. दहा-दहांचे चार गट करा, प्रत्येकाला एक मोठे माणूस आणि एक दार नेमून द्या. चढल्यावर मोजा, उतरल्यावर मोजा. परतीसाठी शक्यतो मिरजेतूनच सुटणारी गाडी निवडा. लांबून येणारी गाडी भरलेली असते आणि उशीरही घेऊन येते.

चौथी महत्त्वाची. हे सगळे गुरुजींनी एकट्याने करू नये. वेळापत्रक एका मुलीला वाचू द्या. हिशेब दुसऱ्याला मांडू द्या. तिकीट खिडकीशी तिसऱ्याला उभे करा, तुम्ही फक्त मागे थांबा. चुकले तर तिथेच दुरुस्त होईल.

कारण श्रोतेहो, सहलीचे फोटो कपाटात जातात, तंबोऱ्याचा भोपळाही कदाचित विसरला जाईल. पण पुढे कधी रात्री घरात आजीला बरे वाटेनासे झाले आणि मिरज गाठायची वेळ आली, तर त्या घरातली सातवीतली पोरगी सांगेल, "तात्या, घाबरू नका. पहाटेची गाडी मला ठाऊक आहे. आपण सहलीला गेलो होतो तीच वाट." तेवढ्यासाठी एक दिवस खर्च करायला हरकत नाही.