स्विच आपला, गाव कुणाचं?

मे महिन्यातली दुपार. इतवारीच्या किराणा ओळीत हातगाड्या, ऑटो आणि हमाल एकमेकांत अडकलेले. पारा पंचेचाळीसच्या आसपास. आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते. कूलर थांबतात, वजनकाटे बंद पडतात आणि दोन मिनिटांत अख्खी ओळ दुकानाबाहेर येऊन उभी राहते. ‘‘काऊन बे, आत्ताच जायची होती का?’’ हा प्रश्न कुणीतरी कुणालाच उद्देशून विचारत नाही, तरी सगळे मान हलवतात.

त्या दुपारी मीही तिथेच घाम पुसत उभी होते. वेळ होताच, म्हणून आजूबाजूच्यांना दोन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न : देशात अणुवीज वाढली पाहिजे का? उत्तर जवळपास एकसुरात आलं. हो, वाढली पाहिजे, का नाही? दुसरा प्रश्न : तो प्रकल्प इथून पंधरा किलोमीटरवर आला तर? मग हसू, मग शांतता. ‘‘तिकडं समुद्राकडं लावा नं.’’ ‘‘इथं पाणी कुठं आहे?’’ आणि एका काकांचं उत्तर, ‘‘आधी कोराडीचं निस्तरा म्हणा.’’

हा काही सर्व्हे नव्हता. पण तुम्ही तुमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर हेच दोन प्रश्न विचारून बघा. पहिल्या उत्तरात देश असतो, दुसऱ्यात आपलं घर. अणुऊर्जेबद्दलचं जगभरातलं लोकमतही या दोन उत्तरांच्या मधेच झुलत आलंय.

कधी नको, कधी हवी

ऑस्ट्रियाने डॅन्यूब नदीकाठी झ्वेंटेनडॉर्फ इथे अणुवीज केंद्र पूर्ण बांधलं. ते सुरू करायचं की नाही, हे १९७८ मध्ये लोकांना विचारलं. साधारण ५०.५ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने निर्णय झाला आणि तयार असलेलं केंद्र एक दिवसही चाललं नाही.

मग १९८६ मध्ये चेर्नोबिल घडलं आणि ११ मार्च २०११ ला जपानमध्ये भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा. दीड लाखांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. तीनच महिन्यांनी इटलीत सार्वमत झालं, तेव्हा सुमारे ९४ टक्के मतं अणुऊर्जेच्या विरोधात पडली. जर्मनीने टप्प्याटप्प्याने केंद्रं बंद केली. शेवटची तीन १५ एप्रिल २०२३ ला थांबली.

पण झोपाळा परत फिरला. खुद्द जपानने २०१५ पासून एकेक अणुभट्टी पुन्हा सुरू करायला घेतली. युक्रेन युद्धानंतर युरोपात गॅसचे भाव भडकले, तशी तिथली चर्चाही बदलली. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५० पर्यंत जगाची अणुवीज तिप्पट करण्याची घोषणा केली. कझाकस्तानचं उदाहरण तर विचार करायला लावणारं आहे. सोव्हिएत काळात त्या देशाच्या भूमीवर साडेचारशेहून जास्त अणुचाचण्या झाल्या. तिथे ऑक्टोबर २०२४ च्या सार्वमतात सुमारे ७१ टक्के लोकांनी अणुवीज केंद्राला होकार दिला.

आणि हो, तुमच्या असाइनमेंटला मदत करणारं एआयसुद्धा यात आहे. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला १९७९ मध्ये अपघात झाला होता. तिथली शेजारची, अपघात न झालेली अणुभट्टी आता बंद आहे. ती पुन्हा सुरू करून तिची वीज घेण्याचा करार २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने केला, कारण डेटा सेंटरला चोवीस तास वीज लागते.

पाणीच उकळायचं आहे

अणुवीज म्हणजे काही जादू नाही. कोराडीत कोळसा जाळून पाणी उकळतात, वाफेवर टर्बाइन फिरतं. अणुवीज केंद्रात युरेनियमच्या अणूंचं विखंडन होऊन उष्णता मिळते. पुढचं सगळं तेच. फरक इंधनात आणि उरलेल्या कचऱ्यात. बोटाच्या पेराएवढी युरेनियमची गोळी साधारण टनभर कोळशाएवढी उष्णता देते. चिमणीतून कार्बन बाहेर पडत नाही आणि ढगाळ हवामानातही वीज चालू राहते.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. वापरलेलं इंधन हजारो वर्षं सांभाळावं लागतं. अपघात क्वचित होतो, पण झाला की गावंच्या गावं रिकामी होतात. आणि वेळेचं, पैशाचं गणित हमखास चुकतं. फ्रान्समधल्या फ्लामनव्हिलच्या नव्या अणुभट्टीचं बांधकाम २००७ मध्ये सुरू झालं, तिची वीज ग्रीडला मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये.

नेमकी हीच, ईपीआर जातीची अणुभट्टी आपल्या महाराष्ट्रातही यायची आहे. एक नाही, सहा.

माडबनचा अहवाल, नागपूरचा पत्ता

महाराष्ट्राला अणुवीज नवी नाही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये आपल्याच तारापूरला सुरू झालं. पुढे तिथे तिसरी आणि चौथी अणुभट्टी आली, तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावं लागलं. पुनर्वसनासाठी तिथल्या लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

त्यानंतर जैतापूर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात, माडबन आणि आसपासच्या गावांची ९०० हून जास्त हेक्टर जमीन. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. कागदावर हे जगातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र ठरेल.

या प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल कुणी तयार केला, माहितीये? नीरीने. हो, आपल्या वर्धा रोडवरच्या नीरीने. माडबनच्या सड्याबद्दल, समुद्राबद्दल, आंब्यांबद्दल जे कागद दिल्लीला गेले, त्यांच्यावर पत्ता नागपूरचा होता. म्हणजे ‘जैतापूर तिकडे कोकणात, आपला काय संबंध’ असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

आता क्रम बघा. जमीन घेण्याची प्रक्रिया आधी झाली. मे २०१० मध्ये माडबनला जनसुनावणी झाली. मराठीतला अहवाल सगळ्या गावांना वेळेत मिळालाच नाही, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. नोव्हेंबरमध्ये ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली आणि डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यात करारावर सह्या झाल्या. मार्चमध्ये फुकुशिमा घडलं. एप्रिल २०११ मध्ये नाटे इथे आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका तरुण मच्छीमाराचा जीव गेला.

सुरुवातीला बहुतेकांनी मोबदल्याचे चेक घेतले नव्हते. २०१३ मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर गेला, तेव्हा अनेकांनी ते घेतले. मच्छीमारांचा सवाल मात्र वेगळाच होता. समुद्राचा सातबारा नसतो, मग केंद्रातून गरम पाणी सोडल्यावर मासळी दूर गेली, तर मोबदला कशाचा मागायचा? या सगळ्याला दीड दशक होत आलं. अणुभट्टीचं काम अजूनही सुरू झालेलं नाही.

आपणही माडबनच

आता त्या काकांच्या वाक्याकडे येऊ. ‘आधी कोराडीचं निस्तरा.’ इतवारीतून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात कोराडीच्या चिमण्या दिसायला लागतात. ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच तिथे आहेत, पलीकडे खापरखेड्याचे १,३४० मेगावॅट. तिथे तयार झालेली वीज ग्रीडमधून राज्यभर जाते. राख मात्र इथेच राहते. जुलै २०२२ मध्ये खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत, नाल्यांत शिरलं. पुढच्याच वर्षी, मे २०२३ मध्ये, कोराडीत आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली. विरोध करणारेही आले, रोजगार हवा म्हणून पाठिंबा देणारेही आले.

म्हणजे ‘तुमच्या शेजारी चालेल का?’ हा प्रश्न नागपूरकरांसाठी काल्पनिक नाहीच. कोळशाच्या बाबतीत आपण त्याचं उत्तर कितीतरी वर्षं जगतोय. फरक एवढाच, की अणुशक्तीची भीती वाटते आणि राखेची सवय होते.

पुढचा प्रश्न लांब नाही. २०४७ पर्यंत देशात एक लाख मेगावॅट अणुवीज, असं उद्दिष्ट २०२५ च्या केंद्रीय बजेटमध्ये जाहीर झालं. सध्या आपण नऊ हजारांच्या आसपास आहोत. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉमबरोबर थोरियमवर चालणारी छोटी अणुभट्टी विकसित करण्यासाठी सामंजस्य करार केला. महानिर्मिती म्हणजे कोराडी चालवणारीच कंपनी.

विचारलं कधी, यावर ठरतं

फिनलंडमध्ये अणुप्रकल्प कुठल्याही गावात न्यायचा असेल, तर तिथल्या नगरपरिषदेचा होकार आधी लागतो. तिला नकाराधिकार आहे. तरीही युराजोकी या गावाने अणुभट्ट्याच नव्हे, तर वापरलेलं इंधन जमिनीखाली कायमचं ठेवण्याची जागासुद्धा स्वीकारली. ‘नाही’ म्हणायचा हक्क खरा असेल, तर ‘हो’लाही वजन येतं.

आपल्याकडे हा नकाराधिकार नाही, पण अगदीच काही नाही असंही नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी पेपरात यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणीचं चित्रीकरण होतं. प्रत्यक्ष जाता आलं नाही तरी म्हणणं लेखी पाठवता येतं. आपल्यापैकी किती जणांनी असा सारांश कधी उघडून पाहिलाय? मीसुद्धा या लेखासाठी पहिल्यांदाच पाहिला.

अणुवीज हवी की नको, हे मी तुम्हाला सांगणार नाही. माझंच अजून पक्कं ठरलेलं नाही. पण कट्ट्यावर ते दोन प्रश्न विचाराल तेव्हा तिसराही विचारा. ज्यांच्या दारात हे येणार आहे, त्यांना विचारलं का आणि ते सह्या होण्याआधी की नंतर?

त्या दुपारी किराणा ओळीत तासाभराने लाइन आली. कूलर घरघरले, सगळे आत गेले. वीज कुठून आली, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.