सातवी बहीण मिराबाय

अनोळखी माणूस आणि अनोळखी विचार समोर आल्यावर एखादी परंपरा काय करते, हे तिच्या ग्रंथांपेक्षा तिच्या जत्रांतून आणि तिच्या दैवतांच्या नात्यागोत्यांतून अधिक स्पष्ट होते, आणि गोव्यातील पेडणे व डिचोली हे तालुके त्याची फार मोलाची साक्ष देतात. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे महाल सोळाव्या शतकातच त्यांच्या अमलाखाली आले. या मुलखाला ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. डिचोली, सत्तरी, पेडणे हा ‘नव्या काबिजादीं’चा भाग मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या हाती आला, पेडणे तर १७८८ मध्ये, तोपर्यंत धर्मांतराचा जुना आवेश ओसरलेला होता आणि राज्यकर्त्यांनी येथील देवळांना व रीतिरिवाजांना हात लावला नाही. मधल्या काळात जुन्या काबिजादींतील देवळे पाडली गेली तेव्हा अनेक दैवते नदी ओलांडून अलीकडे आली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर, जो कदंब राजांचा कुलदेव होता, तो याच ओघात डिचोली तालुक्यातील नार्वे येथे स्थिरावला आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करविला.

परक्याला सामोरे जाण्याच्या चर्चच्या रीती त्या काळात एकमेकींच्या अगदी विरुद्ध होत्या. इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची झडती घेऊन शिक्षा फर्मावणारे धर्मन्यायालय, गोव्यात १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत टिकले; त्याच्या १७३६ च्या जाहीरनाम्याने तर नवख्रिस्ती घरांतील तुळशीपासून पेहरावापर्यंत जुन्या सवयींवर बंदी घातली. दुसरीकडे १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, थॉमस स्टीफन्स मराठी शिकला आणि ख्रिस्ताचे चरित्र त्याने पुराणाच्या घाटात, ओवीछंदात रचले. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्सचा हेतू धर्मप्रसाराचाच होता, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही समोरच्या समाजाचा कान कोणत्या लयीला सरावलेला आहे हे ओळखण्यासाठी त्याने घेतलेले कष्ट खरे होते आणि त्यांचे फळ मराठी वाङ्मयाला मिळाले.

चर्चने हे असे दोन्ही मार्ग चोखाळले, पण गावच्या परंपरेने काय केले, हा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण तिच्याकडे ना न्यायालय होते ना छापखाना. तिने नाते जोडले. उत्तर गोव्यात सात बहिणींची एक कथा घरोघर ठाऊक आहे: शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय आणि मयेची महामाया या डिचोली तालुक्यातील, मोरजाई ही पेडण्यातील मोरजीची, आणखी एक समुद्रातील अंजदीव बेटावरची, एक शीतळाई आणि सातवी मिराबाय, जी म्हापशाला जाऊन ख्रिस्ती झाली. म्हापशाच्या सांत जेरोनिम चर्चमधील मिलाग्रिस सायबिण, म्हणजे चमत्कारांची माता मानलेली मारिया, ती हीच, अशी लोकांची श्रद्धा आहे. गावागावांत यादीतील एखादे नाव बदलते, परंतु मिराबाय कोणीही वगळत नाही. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात लईराईची जत्रा भरते. व्रतस्थ राहिलेले ‘धोंड’, म्हणजे देवीचे भक्त, रंगीत लोकरीच्या गोंड्यांनी सजवलेली वेताची काठी हाती घेऊन येतात आणि होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. मोगरी हे या देवीचे आवडते फूल. ईस्टरनंतर काही आठवड्यांनी म्हापशात मिलाग्रिसचे फेस्त होते, तेव्हा तेल आणि फुले घेऊन हिंदू भाविकही तेथे रांगेत उभे असतात. आणि शिरगाव व म्हापसा यांच्यात तेलाची आणि मोगरीच्या फुलांची देवाणघेवाण परंपरेने चालत आली आहे, बहिणीने बहिणीकडे पाठवायची भेट म्हणून.

या व्यवहाराला धर्मांची सरमिसळ म्हणणे बरोबर होणार नाही. लईराईचा भक्त मिस्साला, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेला, बसत नाही, मिलाग्रिसचा भक्त धोंड होत नाही, आणि चर्चच्या शिकवणुकीत या बहिणीपणाला स्थानही नाही. रॉबर्ट न्यूमन आणि अलेक्झांडर हेन या अभ्यासकांनी गोव्यातील अशा सामायिक श्रद्धांवर सविस्तर लिहिले आहे, आणि त्यांच्या लेखनामुळे हा विषय जगापुढे आला. पण गावाला त्यात नवल वाटत नाही, कारण घरातली एक मुलगी वेगळ्या घरी गेली म्हणून ती बहीण राहत नाही असे कोणी मानत नाही. दुखावलेल्या समाजाने ज्या धर्माने देवळे पाडली त्याच्याच देवतेला आपल्या कुळात ओढून घ्यावे, यात केवळ औदार्य नाही, स्वतःच्या परंपरेची उरलेली सूत्रे हातची सोडायची नाहीत असा निर्धारही आहे.

मात्र नात्याच्या या वाटेला कुंपणेही आहेत, आणि ती लपविणे अप्रामाणिक ठरेल. दैवतांमध्ये जी सलगी झाली ती माणसांमध्ये त्या प्रमाणात झाली नाही: धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जातींचे भेद टिकले, हिंदू देवळांतील मानपानाची उतरंड तशीच राहिली, आणि रोटीबेटीचा प्रश्न दैवतांच्या बहिणीपणाने सुटला नाही. नाते जोडणाऱ्या परंपरेला प्रत्येकाची जागा ठरवून द्यावी लागते. जागा मिळते ती ठरलेलीच.

आज मोरजाईच्या मोरजीत आणि शेजारच्या हरमलमध्ये जगभरचे पर्यटक राहतात, मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन भाषेतल्या पाट्या दिसू लागल्या आहेत आणि जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मोपा येथील विमानतळाने पेडणे तालुका दूरदेशांशी जोडला आहे. हा नवा परका आपला देव घेऊन येत नाही आणि बहुधा हंगाम संपताच निघून जातो, त्यामुळे त्याला सामावून घेण्याची जुनी पद्धत येथे लागू पडत नाही. जमिनीचा भाव, घरभाडे आणि किनाऱ्याची मर्यादा यांचे जे वाद आता पेडण्यात होतात, ते सोडविण्यासाठी ग्रामसभेलाच पुढाकार घ्यावा लागेल.