घसरण आणि घसारा

वळणावर मोटारीची मागची चाके घसरू लागली की सामान्य चालक घाबरतो. हीच घसरण मुद्दाम घडवून आणणे आणि मोटार तिरकी धावत असताना ती ताब्यात ठेवणे, या कौशल्यास ‘ड्रिफ्टिंग’ म्हणतात. १९७०च्या दशकात जपानमधील शर्यतींत कुनिमित्सु ताकाहाशी यांनी वापरलेले हे तंत्र पुढे केइची त्सुचिया यांनी लोकप्रिय केले. या खेळाने जुन्या, शक्तिशाली सेडान मोटारीची हानी होते काय, हा प्रश्न अशा मोटारीच्या मालकास पडणे स्वाभाविक आहे.

उदाहरणादाखल १९९८ ते २००३ या काळात जर्मनीत तयार झालेली ‘ई-३९’ पिढीची बीएमडब्ल्यू एम-५ घेता येईल. आठ सिलिंडरचे ४.९ लिटरचे इंजिन, ४०० अश्वशक्ती, हाताने बदलावयाचे सहा गिअर आणि मागच्या चाकांना मिळणारी शक्ती, हे तिचे वैशिष्ट्य. या पिढीतील सर्वात नवी मोटारही आज वीस वर्षांहून जुनी आहे.

ड्रिफ्टिंगचा पहिला बळी म्हणजे मागचे टायर. कोरड्या डांबरावर ते फार झपाट्याने झिजतात. मात्र टायर बदलता येतात. खरी चिंता त्यापलीकडची आहे. चाके घसरविण्यासाठी चालक क्लच दाबून इंजिनाचा वेग वाढवितो आणि क्लच एकदम सोडतो. हा धक्का क्लच, प्रॉपेलर शाफ्टचा रबरी जोड, डिफरन्शियल व अॅक्सल यांमधून चाकापर्यंत पोहोचतो. घसरते चाक रस्त्याची पकड मिळताच झटका देते, तेव्हा हाच भार उलट दिशेने येतो. सस्पेन्शनमधील रबरी बुश तर किलोमीटरने नव्हे, वयानेच कडक होऊन तडकतात. मोटार कमी धावली असली तरी त्यांचे वय थांबत नाही.

दुसरा शत्रू उष्णता. मोटार तिरकी असल्याने रेडिएटरवर समोरून येणारा वारा कमी पडतो आणि त्याच वेळी इंजिन उच्च वेगाने फिरत असते. जुन्या शीतकरण यंत्रणेतील प्लॅस्टिकचे भाग अशा वेळी दगा देऊ शकतात. स्टिअरिंग सतत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरविल्याने पॉवर स्टिअरिंगचे तेलही तापते. वळणावर इंजिनातील तेल एका बाजूस सरकते. एम-५च्या निर्मात्यांनी ते ओळखून तीव्र वळणावरही तेल खेचले जाईल अशी खास व्यवस्था केली होती. सर्वच सेडान मोटारींत ती नसते. तेलाची पातळी कमी असेल, तर बेअरिंगला क्षणभर तेल न मिळणेही महागात पडते.

असे असले तरी ड्रिफ्टिंग म्हणजे नाश, असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. ओल्या पृष्ठभागावर चाके अल्प शक्तीनेही घसरतात, त्यामुळे यंत्रणेवरचा ताण पुष्कळ कमी होतो. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिनात योहान श्वार्ट्झ यांनी नव्या पिढीची एम-५ ओल्या मैदानावर आठ तासांत सुमारे ३७४ किलोमीटर ड्रिफ्ट करीत चालविली. इंधनही धावत्या मोटारीतच भरले गेले. अर्थात ती मोटार नवी होती, हे विसरून चालणार नाही.

म्हणून जुन्या मोटारीच्या मालकाने आधी बुश, रबरी जोड, होज व शीतकरण यंत्रणा तपासून घ्यावी. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल व ब्रेक यांची तेले बदलावीत. एका वेळी थोडीच मिनिटे सराव करावा, नंतर मोटार सावकाश चालवून थंड होऊ द्यावी. क्लचऐवजी अॅक्सिलरेटरने घसरण साधण्याचे शिक्षण बंदिस्त मैदानावर, जाणकाराच्या देखरेखीखाली घ्यावे. सार्वजनिक रस्ता ही त्याची जागा नव्हे. आपल्या देशातील प्रचलित मोटार विमा पॉलिसी शर्यत व वेगचाचणीसाठी केलेला वापर संरक्षणाबाहेर ठेवते. त्यामुळे मैदानावर उतरण्यापूर्वी पॉलिसीतील अटी वाचणे श्रेयस्कर.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर प्रत्येक यंत्राला घसारा असतोच. ड्रिफ्टिंग हा घसारा नव्याने निर्माण करीत नाही. वर्षानुवर्षे साचलेला घसारा एका दुपारी वसूल करते. त्याची तरतूद ज्याने आधीच केली आहे, त्यानेच हा आनंद घ्यावा.