विश्लेषण : पृष्ठफळ मोठे म्हणजे प्रदूषण जास्त नष्ट होते?

प्रकाशाच्या मदतीने हवेतील वायू आणि पाण्यातील रंग नष्ट करणाऱ्या पदार्थांवर जगभर संशोधन सुरू आहे. अशा शोधनिबंधांत एक आकडा हमखास दिसतो : एक ग्रॅम भुकटीचे पृष्ठफळ किती चौरस मीटर. आकडा मोठा तेवढा पदार्थ सरस, असे सहज गृहीत धरले जाते. ते नेहमी खरे नसते.

पृष्ठफळाला इतके महत्त्व का?

टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ती भुकटी. तिच्यावर अतिनील किरण पडले की आत इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यांच्या जागी धनभारित पोकळ्या उरतात. हे दोन्ही पृष्ठभागापर्यंत पोहोचले, तर तिथल्या प्रदूषकांचे विघटन होते. याला प्रकाश उत्प्रेरण म्हणतात. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये याच पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन दाखवले आणि या क्षेत्राकडे जगाचे लक्ष गेले. प्रक्रिया पृष्ठभागावर घडते, म्हणून जागा किती हे मोजायचे.

भुकटीचे पृष्ठफळ मोजतात कसे?

ब्रुनॉर, एमेट आणि टेलर यांनी १९३८ मध्ये मांडलेली ‘बीईटी’ पद्धत आजही वापरात आहे. (यातले टेलर म्हणजे पुढे हायड्रोजन बॉम्बमुळे गाजलेले एडवर्ड टेलर.) भुकटी निर्वातात तापवून तिच्यातला ओलावा काढतात. मग उणे १९६ अंश सेल्सिअसला तिच्यावर नायट्रोजन थोडा थोडा सोडतात. किती वायू चिकटला यावरून रेणूंचा एक थर बसायला किती रेणू लागले, हे गणिताने काढतात. एक रेणू ०.१६२ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो असे धरून गुणाकार केला की पृष्ठफळ मिळते.

प्रयोगशाळांत तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘पी२५’ या टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ साधारण ५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४० चौरस फूट भरते. चिमूटभर भुकटीत वन-बीएचके! आणि तेवढ्यावर एक थर द्यायला सामान्य तापमान-दाबाचा जेमतेम साडेअकरा घन सेंटिमीटर वायू पुरतो.

मग गडबड कुठे होते?

पहिली गोष्ट, नायट्रोजनचा रेणू लहान असतो. तो ज्या बारीक छिद्रांत शिरतो, तिथे मिथिलीन ब्लूसारख्या रंगाचा मोठा रेणू शिरेलच असे नाही. शिवाय मोजणी होते कोरड्या भुकटीची. पाण्यात तिचेच कण गुठळ्या करून बसतात.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. मोठ्या पृष्ठफळाची भुकटी रंग नुसता शोषूनही घेते. पाणी नितळ दिसते, पण रंग नष्ट झालेला नसतो, भुकटीला चिकटलेला असतो. म्हणून दिवा लावण्याआधी मिश्रण काही वेळ अंधारात ढवळून ठेवणे आवश्यक असते. हा टप्पा गाळला की निकाल फुगतो.

तिसरे कारण पदार्थाच्या आतले. इलेक्ट्रॉन आणि पोकळी वाटेतच पुन्हा एकत्र आले, तर सगळी मेहनत उष्णतेत जाते. स्फटिकरचना नसलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडचे पृष्ठफळ खूप मोठे असू शकते, पण दोषांमुळे काम जवळपास शून्य. तोच पदार्थ भट्टीत तापवला की पृष्ठफळ घटते, स्फटिक सुधारतात आणि एका मर्यादेपर्यंत काम वाढते.

आकडा तरी पक्का असतो का?

तेही नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६१ प्रयोगशाळांना आधीच मोजलेली तीच १८ निरीक्षणे देऊन बीईटी पृष्ठफळ काढायला सांगितले. उत्तरांत मोठी तफावत आली. आलेखाचा कोणता भाग गणितासाठी निवडायचा, यावरच बरेच काही ठरते.

त्यामुळे वेग ‘दर ग्रॅम’ किंवा ‘दर चौरस मीटर’ सांगून भागत नाही. शोषलेल्या किती फोटॉनमागे किती रेणू तुटले आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड खरोखर किती बाहेर पडला, हे विचारावे लागते. हे मोजणे वेळखाऊ आणि खर्चिक आहे. पृष्ठफळाचा आकडा त्या मानाने लवकर हाती येतो.