इरॅस्मस : परदेशातलं सत्र वाया न घालवणारी योजना

सोफिया कोर्रादी ही इटालियन विद्यार्थिनी १९५८मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदव्युत्तर पदवी घेऊन रोमला परतली. तिच्या विद्यापीठाने ते शिक्षण मानायला नकार दिला. या अपमानाने पेटून तिने पुढची अनेक वर्षं युरोपभर पाठपुरावा केला. अखेर १९८७मध्ये ११ देशांनी मिळून ‘इरॅस्मस’ ही विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकायला गेले.

मुक्काम २ ते १२ महिन्यांचा. यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही आणि राहण्याखाण्याला हातभार म्हणून अनुदानही मिळतं. पण योजनेचा खरा प्राण आहे तो निघण्यापूर्वीचा करार. तिथे कोणते विषय घेणार आणि इथे ते कशाच्या जागी धरले जाणार, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यावर विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठं अशा तिघांच्या सह्या होतात. वर्षाला ६० श्रेयांक हे समान माप असल्याने परतल्यावर वाद उरत नाही. कोर्रादी यांना नेमकं हेच हवं होतं.



भारतीय विद्यार्थ्यांनाही अशी सत्र-अदलाबदल करता येते, मात्र आपल्या विद्यापीठाचा युरोपातल्या संस्थेशी करार हवा. आंतरराष्ट्रीय विभागात आधी तेच विचारावं. ‘इरॅस्मस मुंडुस’ ही संयुक्त पदव्युत्तर पदवी वेगळी. तिथे थेट अर्ज करता येतो आणि शिक्षण किमान दोन देशांत होतं.